आंबोली टोड की वाघ, जास्त धोक्यात कोण?

तुझा प्रश्न वाचला. एमएस्सीच्या प्रोजेक्टला आंबोली टोड (आंबोलीच्या पठारांवरचा चिमुकला बेडूक) आणि सह्याद्रीतला वाघ अशी तुलना घेतलीयस, आणि दोन गोष्टी विचारल्यास. एक, दोघंही धोक्यात म्हणतात तर जास्त धोक्यात कोण. दुसरी, वाघाचं जंगल राखलं की त्यातले बेडूक आपोआप राखले जातात असं गाईड म्हणतात ते कितपत खरं. मी बरीच वर्षं याच पट्ट्यात दोन्हीकडे काम करतोय, उन्हाळ्यात कॅमेरा ट्रॅप आणि पावसाळ्यात बेडकांचे सर्व्हे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, सांभाळून घे.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, टोड. दुसऱ्याचं उत्तर असं की बरेचसे बेडूक राखले जातात, पण नेमका तू निवडलायस तो राखला जात नाही, कारण तो जंगलात राहतच नाही. बाकी सगळं या दोन वाक्यांचं स्पष्टीकरण आहे.

आधी रेड लिस्टचं, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीचं बघू, कारण तुझ्या सिनॉप्सिसमध्ये तिथेच गडबड आहे. तू दोघांना 'थ्रेटंड' लिहून पुढे गेलायस. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत वाघ एन्डेंजर्ड आहे आणि आंबोली टोड त्याच्या एक पायरी वर, क्रिटिकली एन्डेंजर्ड. म्हणजे त्याच्या पुढे फक्त निसर्गातून नामशेष आणि कायमचा नामशेष एवढंच उरतं. लोकांना हे सांगितलं की खरं वाटत नाही, वाघापेक्षा एक बेडूक जास्त धोक्यात कसा असेल म्हणतात. पण नुसती पायरी बघून भागत नाही, कुठल्या निकषावर ती पायरी मिळाली ते बघायचं असतं, आणि इथे निकषच वेगळे आहेत. वाघ तिथे बसलाय तो मुख्यतः घटीमुळे, मागच्या काही पिढ्यांत संख्या आणि इलाका किती कमी झाला यावर. टोड बसलाय तो जागेमुळे. ज्याचा एकूण पसारा १०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी किंवा प्रत्यक्ष वापरातली जागा १० चौरस किलोमीटरपेक्षाही कमी, शिवाय जागा एकच आणि तिची अवस्था बिघडत चाललीय, असा प्राणी क्रिटिकली एन्डेंजर्डमध्ये जातो. त्या जागेत तो किती संख्येने आहे हा प्रश्न तिथे दुय्यम आहे. म्हणूनच जूनमध्ये आंबोलीला जाऊन आलेला माणूस म्हणतो, अरे तिथे तर पायाखाली टोड येतात, कसला डोंबलाचा दुर्मिळ! त्याचं बघणं खोटं नाही, पण तेवढं एकच गाव आहे.

वाघाचे आकडे तुला माहीत असतील तरी एकदा ओळीने लिहितो. देशात २००६ साली अंदाज होता १४११. २०१० ला १७०६, २०१४ ला २२२६, २०१८ ला २९६७, आणि २०२२ ला ३६८२. महाराष्ट्रात २०१४ साली १९०, २०१८ ला ३१२, २०२२ ला ४४४. आययूसीएनचा २०२२ चा जगाचा अंदाज ३७२६ ते ५५७८ असा आहे. मोजायच्या पद्धती मध्ये बदलल्या, कॅमेरे वाढले, जास्त क्षेत्र मोजलं गेलं, त्यामुळे या आकड्यांवर वाद घालायला जागा आहे आणि लोक घालतातही, पण दिशा वर आहे हे कोणी नाकारत नाही. ही दिशा फुकट मिळालेली नाही. १९७३ चा व्याघ्र प्रकल्प (पहिल्या नऊ जागांत आपलं मेळघाट होतं), १९७२ चा वन्यजीव कायदा, त्यात पहिल्या अनुसूचीत वाघ, सरिस्काच्या नामुष्कीनंतर झालेलं व्याघ्र प्राधिकरण, दर चार वर्षांनी देशभर मोजणी, प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचा निधी आणि स्टाफ. देशातल्या दुसऱ्या कुठल्या प्राण्यामागे एवढी मोठी यंत्रणा उभी असेल असं मला वाटत नाही.

सरिस्काचं नाव आलंच आहे तर तिथेच थांबतो, कारण तुझ्या तुलनेचा गाभा मला तिथे दिसतो. २००४-०५ च्या सुमाराला लक्षात आलं की राजस्थानच्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही, शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते. देशभर बोंब झाली. मग २००८ मध्ये रणथंभोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणून तिथे सोडला, पाठोपाठ वाघिणी आणल्या, आणि आज सरिस्कात परत पिल्लं वाढतायत. पन्नाचंही तेच, तिथले संपले आणि २००९ पासून बाहेरून आणून बसवले. हे जमलं कारण आणायला दुसरीकडे वाघ होते. आता आपल्याकडेही ताडोबाच्या वाघिणी सह्याद्रीत आणायचं काम चालू आहे, त्यामागे तोच हिशोब.

आता याच्या शेजारी कोस्टा रिकाचा गोल्डन टोड ठेव. माँटेव्हर्देच्या ढगाळ जंगलात, डोंगराच्या एका कण्यावर, अगदी थोड्या चौरस किलोमीटरमध्ये राहायचा. १९८७ च्या वसंतात दीड हजारापेक्षा जास्त टोड डबक्यांवर जमलेले मोजले गेले. १९८८ मध्ये सगळे मिळून दहा. १९८९ मध्ये एक. त्यानंतर तो कोणालाच दिसला नाही आणि २००४ मध्ये अधिकृतपणे नामशेष जाहीर झाला. कोरडं पडलेलं वर्ष, बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी, कारणांवर अजून चर्चा चालते. पण तुझ्यासाठी महत्त्वाचं हे की दीड हजार म्हणजे बेडकाच्या हिशोबानेही चांगला आकडा होता, ना शिकार होती ना जंगल तोडलं गेलं होतं, आणि तरी दोन वर्षांत खेळ संपला. आणायला रणथंभोर नव्हतं. आंबोली टोड त्याच प्रकारच्या जोखमीत बसतो. इथे सांगायचा मुद्दा एकच, वाघाला चूक परवडते, एका जागेवरची चूक दुसऱ्या जागेवरून भरून काढता येते. या टोडला चूक परवडत नाही.

आता टोडबद्दल नीट सांगतो, कारण तुझ्या लिखाणात वाघ चार पानं आणि टोड सहा ओळी असा मामला आहे.

झँथोफ्रायनी टायगेरिना हे त्याचं शास्त्रीय नाव, २००९ मध्ये बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केलं. कुशीवर पिवळेजर्द डाग आणि त्यात काळसर पट्टे, म्हणून टायगेरिना, म्हणजे तुझ्या प्रोजेक्टमध्ये नावातही वाघ आहेच (प्रेझेंटेशनला ही स्लाईड टाकशील, मला माहितेय). आकार साधारण तीन सेंटीमीटर, अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा. याच वंशात फक्त अजून एक जात आहे, कोयना टोड, जी सोमण यांनी १९६३ मध्येच नोंदवली होती आणि बरीच वर्षं साध्या टोडच्या वंशात धरली जायची. म्हणजे जगात या वंशाचे दोनच प्राणी, दोन्ही उत्तर सह्याद्रीतले. वाघाच्या बाबतीत पँथेरा वंशात सिंह, बिबट्या, जग्वार, हिमबिबट्या अशी भावकी आहे. इथे भावकी म्हणजे एक भाऊ.

हा राहतो सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, तू कास पाहिलं असशील तर तसलंच. मे महिन्यात तिथे अनवाणी उभं राहता येत नाही इतका दगड तापतो. टोड तेव्हा दगडांच्या कपारीत, सुट्या चिऱ्यांखाली दडून असतो, वरून बघणाऱ्याला ते नुसतं करपलेलं माळरान. मग वळवाच्या सरी येतात, मान्सून लागतो, आणि सड्यावरच्या खळग्यांत पाणी साठायला लागतं. तळं वगैरे नाही हं. बोटाच्या पेराएवढं खोल, परातीत मावेल एवढं पाणी. तिथे हे जमतात, जोड्या लागतात आणि मादी अंडी घालते. आता आपला घराजवळचा साधा टोड घे, तो माळेसारख्या दोऱ्यांत हजारोंनी अंडी घालतो, कितीही मेली तरी चार तर जगतील हा त्याचा कारभार. आंबोली टोडची मादी एका वेळी घालते साधारण तीसेक. बेडकांच्या जगात हे फारच कमी झालं. वाघीण साडेतीन महिन्यांनी दोन-चार पिल्लं देते आणि त्यांना दोनेक वर्षं सांभाळते, म्हणजे तिचा भर सांभाळण्यावर. टोडचा भर कशावर, तर त्या वर्षी पाऊस नीट पडेल यावर.

खळग्यातलं पाणी काही आठवडे टिकलं तरच पिल्लं बाहेर पडतात. जूनमध्ये लागोपाठ चार दिवस पाऊस उघडला, ऊन पडलं, की काय होतं ते तू एकदा बसून बघ. पाणी कडेकडेने आत सरकायला लागतं, सगळे टॅडपोल मधल्या खोलगट भागात एकमेकांवर चढून बसतात, पाठी उघड्या पडायला लागतात, शेपट्या तेवढ्या वळवळतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे दगडावर काळी खपली असते. बाजूच्या, दोन बोटं जास्त खोल खळग्यात सगळे व्यवस्थित. एवढ्या बारीक फरकावर त्या वर्षीची पिढी ठरते. हे निसर्गात चालायचंच, या प्राण्याने लाखो वर्षं हे सोसलंय, पण पहिला पाऊस आणि मधली उघडीप यांचं गणित जसजसं बेभरवशाचं होत जाईल तसतशी अशी वर्षं वाढतील, आणि हे आंबोलीत म्हणजे जिथे वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे बोलतोय मी. किती पडतो यापेक्षा कधी थांबतो हे त्याच्यासाठी महत्त्वाचं.

वाघाला हवामानाचा त्रास होत नाही असं नाही (सुंदरबनात विचार), पण सह्याद्रीत त्याची अडचण वेगळी आहे. इथे त्याला हवं भक्ष्य, हवा आडोसा आणि हवी सलग वाट. आपल्या घाटातल्या सदाहरित जंगलात सांबर, गवा, भेकर, रानडुक्कर आहेत पण विदर्भासारखी भरघोस संख्या नाही. वाघाला वर्षाला पन्नासेक मोठी जनावरं लागतात असा ढोबळ हिशोब आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, म्हणजे कोयना अभयारण्य आणि चांदोली, २०१० मध्ये जाहीर झाला, अकराशे चौरस किलोमीटरहून मोठा, आणि तरी तिथे वाघ बोटावर मोजण्याइतके. जे येतात ते दक्षिणेकडून, कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पाकडून, गोव्याच्या म्हादईतून, तिळारी-दोडामार्ग-आंबोली असं करत राधानगरी आणि पुढे. वाघ चालतो भरपूर. टिपेश्वरचा कॉलर लावलेला तरुण नर २०१९ मध्ये विदर्भ-तेलंगणा भटकत हजारापेक्षा जास्त किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोचला होता, शेतं, रस्ते, गावांच्या कडा सगळं ओलांडून. आंबोली टोड एका सड्यावरून दुसऱ्या सड्यावर जायचा म्हटलं तर मधला डांबरी रस्ता हाच त्याचा सगळ्यात मोठा घाट.

आता तुझ्या गाईडच्या मुद्द्यावर येतो. वाघ ही अंब्रेला स्पीशीज, त्याच्या छत्रीखाली बाकी सगळे, हे पुस्तकात असतं आणि ते चूक नाही. सावंतवाडी-दोडामार्ग कॉरिडॉरसाठी मुंबई हायकोर्टात जी लढाई झाली, २०१३ मध्ये वृक्षतोडीला बंदी आली, ती वाघाच्या जोरावर. तिळारी संवर्धन राखीव, आंबोली-दोडामार्ग संवर्धन राखीव, या घोषणा झाल्या त्यामागेही वाघांची ये-जा हे मोठं कारण होतं. त्या जंगलात ओढ्याकाठचे, झाडावरचे, पालापाचोळ्यातले कितीतरी बेडूक आहेत, मलबार ग्लायडिंग फ्रॉग आहे, बुश फ्रॉग आहेत, देवगांडूळ म्हणतो ते सिसिलियन आहेत, त्या सगळ्यांना याचा फायदा होतोच. कोयना टोडचीही काही जागा व्याघ्र प्रकल्पाच्या आत-लगत येते, बरं झालं.

पण सड्याचं काय? वाघाचा नकाशा करताना आपण काय बघतो, झाडोरा किती, भक्ष्य किती, सलगता किती. सडा या तिन्हीत नापास. तिथे झाड नाही, सांबर रात्री येऊन जाईल पण राहणार नाही, सॅटेलाईट इमेजवर तो भुरका डाग दिसतो. महसुलाच्या कागदावरही तेच, पोटखराबा, पडीक. शिवाय आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत कबुलायतदार गावकर जमिनीचा प्रश्न कैक वर्षं लोंबकळतोय, जमीन नक्की कोणाची यावरच वाद, तिथे गावकऱ्यांना तुमच्या सड्यावर बेडूक आहे हो, जपा, असं सांगायला जायचं म्हणजे त्यांनी आधी काय ऐकायचं? त्यांची बाजूही समजून घे. वाघ आला म्हणून निर्बंध, आता बेडूक आला म्हणून निर्बंध, आणि जमिनीचा निकाल मात्र लागत नाही, हा त्यांचा राग वाजवी आहे.

मग पडीक जागेचं जे होतं तेच होतं. कुठे चिऱ्याची खाण, कुठे प्लॉटिंग, कुठे पॉइंटसाठी पार्किंग आणि पेव्हर ब्लॉक. कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या पठारांवर बॉक्साईट असल्याने मायनिंगची टांगती तलवार वेगळीच. आणि एक प्रकार जो मला सगळ्यात जास्त खटकतो, वृक्षारोपण. होय, वृक्षारोपण. उघडं पठार दिसलं की कोणाला तरी ते हिरवं करावंसं वाटतं, संस्था येतात, बॅनर लावतात, जांभ्यात मशिनने खड्डे पाडतात, बाहेरून लाल माती आणून टाकतात. ती माती पहिल्या पावसात वाहून शेजारच्या खळग्यांत बसते आणि पाणी साठायची जागाच बुजते. रोपं तर उन्हाळ्यात मरतातच. हेतू चांगला असतो म्हणून कोणी बोलत नाही. वाघासाठी झाड लावणं चांगलं, या टोडसाठी सडा आहे तसा उघडा राहणं चांगलं, आणि तुलनेत हा मुद्दा तू ठळक टाकलास तर तुझा प्रोजेक्ट शंभर प्रोजेक्टपेक्षा वेगळा होईल, कारण वाघाला उपयोगी पडणारी एक सरळसाधी गोष्ट इथे उलटी पडते.

रस्त्याचं ओझरतं वर आलं. आंबोलीला पर्यटक येतो तो जून-जुलै-ऑगस्टमध्ये, धबधब्याला, कावळेसादला, आणि टोड बाहेर पडतो तोही तेव्हाच. वीकेंडला गाड्यांच्या रांगा लागतात. वाघ रस्त्यावर मेला तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, चौकशी होते, पंचनामा होतो. चाकाखाली गेलेला टोड तासाभरात पावसाने धुऊन जातो, त्यामुळे मोजायला गेलं तरी आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो, हे रोडकिलचा सर्व्हे करशील तेव्हा लक्षात ठेव, पहाटेच्या आत चालत फिरायचं, गाडीतून तीन सेंटीमीटरचा प्राणी दिसत नाही.

शिकारीचा मुद्दा तू दोघांना सारखाच लावलायस, तो काढून टाक. वाघाची कातडी आणि हाडं यांना बाजार आहे, शिवाय गुरं मारली म्हणून विष घालणं आहे, जानेवारी २०२० मध्ये गोव्यात म्हादईत वाघीण आणि तिचे बच्चे मिळून चार वाघ असे गेले. टोडला बाजार नाही. तू 'जंपिंग चिकन' लिहिलंयस ते वेगळ्या बेडकाबद्दल, मोठा पिवळा बैल बेडूक, पावसाळ्यात गोव्यात आणि कोकणात चोरून मारला जातो तो. त्याच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. तो लीस्ट कन्सर्नमध्ये, म्हणजे यादीतल्या सगळ्यात कमी काळजीच्या गटात आहे, त्याच्या शास्त्रीय नावातही टायगेरिनस असल्याने गुगलवर दोघांची सरमिसळ होते, तुझी तीच झालीय. आंबोली टोडला त्रास आहे तो हौशी फोटोग्राफरचा, दगड उलटायचे, टोड उचलून 'चांगल्या' शेवाळावर ठेवायचा, फोटो काढायचा आणि दगड तसाच उपडा टाकून पुढे जायचं. दोन महिन्यांच्या सीझनमध्ये त्याच त्या दगडांवर हे रोज चालतं.

रोगाबद्दल थोडक्यात. कायट्रिड बुरशी उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांत सापडल्याची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झालीय. आपल्याकडे मध्य अमेरिकेसारखी सामूहिक मर झालेली दिसलेली नाही, बहुधा इथली बुरशी आणि इथले बेडूक एकमेकांच्या सवयीचे आहेत असं संशोधकांचं म्हणणं. पण जे हर्पिंगवाले, म्हणजे बेडूक-साप बघत फिरणारे, एका आठवड्यात अगुंबे, दुसऱ्या आठवड्यात आंबोली असं त्याच चिखलाच्या बुटांनी फिरतात त्यांनी बूट धुवायला काही जात नाही. वाघांसाठी अशीच भीती कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाची, २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत तो आला तेव्हा सगळ्यांची धावपळ झाली, लस मागवली, सिंह पकडून वेगळे ठेवले. तीन सेंटीमीटरच्या टोडला कुठली लस देणार, आणि त्याला वेगळं ठेवायला जागा तरी कुठे आहे.

ठेवता येतं, तेही सांगतो. टांझानियात किहान्सी नावाचा एक चिमुकला टोड होता, एका धबधब्याच्या तुषारांत, जेमतेम दोन हेक्टरमध्ये राहणारा. २००० साली वर धरण झालं, तुषार बंद झाले. त्याच सुमाराला पाचशेच्या आसपास टोड अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयात नेले म्हणून जात उरली. तिथे पाइप टाकून कृत्रिम तुषारही सुरू केले, तरी निसर्गात तो २००९ मध्ये नामशेष जाहीर झाला, आणि २०१२ पासून परत सोडायला लागले. म्हणजे होतं, पण खर्च बघ, आणि कायम ते फवारे चालू ठेवायची कटकट बघ. त्यापेक्षा आंबोलीचा सडा न उकरणं फार स्वस्त आहे. वाघाला राखायचं तर शेकडो चौरस किलोमीटर, गावांचं पुनर्वसन, गुरांची आणि माणसांची भरपाई, संघर्ष, गार्ड, वायरलेस. टोडला काय लागतं, तर काही पठारं आहेत तशी राहू देणं, जूनच्या पावसात चौकुळसारख्या रस्त्यांवर रात्री वेग कमी ठेवायची व्यवस्था, आणि पार्किंग दुसरीकडे. खरं सांगायचं तर वाघाच्या एका छोट्या कामाच्या खर्चात हे बसेल. होत नाही ते पैशामुळे नाही, ते कोणाच्या टेबलावरचं काम आहे हेच ठरलेलं नसल्यामुळे.

लहान प्राण्यासाठी आपल्याकडे काहीच होत नाही असंही लिहू नकोस. आंबोलीतच हिरण्यकेशीच्या उगमाजवळ २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी हा बोटाएवढा मासा नवीन म्हणून नोंदवला गेला आणि २०२१ मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली, दोन हेक्टरच्या आसपास. देवळाचं कुंड, गावाची श्रद्धा आणि थोडी जागा, त्यामुळे पटकन झालं. सड्याला देऊळ नाही एवढाच फरक. वाघालाही वाघोबा आहे, वाघबारस आहे, बेडकाला फार तर पाऊस लांबला की कुठे कुठे लग्न लावतात, ते बिचाऱ्याच्या काय कामाचं.

जगाच्या पातळीवर एक वाक्य टाकायचं असेल तर हे टाक, २०२३ मध्ये उभयचरांचं जे दुसरं जागतिक मूल्यांकन आलं त्यात आठ हजारांवर जातींपैकी सुमारे ४१ टक्के धोक्यात निघाल्या, सस्तन प्राण्यांत हे प्रमाण सव्वीस-सत्तावीस टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे तुझी जोडी हा अपवाद नाही, सगळीकडे हेच चित्र आहे.

आता प्रोजेक्ट. 'कोण जास्त महत्त्वाचं' असला कॉलम तक्त्यात आहे तो उडव, त्याचं उत्तर नसतं आणि व्हायव्हाला त्यावरच झोडतील. त्याऐवजी एकच प्रश्न धर: वाघासाठी आखलेल्या सीमा आणि टोडची प्रत्यक्ष जागा एकमेकांवर किती बसतात. संवर्धन राखीवचे नकाशे सरकारी अधिसूचनेत मिळतील, सडे सॅटेलाईट इमेजवर काढता येतात, दोन्ही क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेव आणि बाहेर राहिलेले सडे कोणाच्या मालकीचे ते तलाठी ऑफिसात बघ. हे काम उन्हाळ्यात होतं, त्याला टोड दिसायची गरजच नाही. पावसाळ्यात मग थोड्या खळग्यांवर लक्ष ठेव, खोली, किती दिवस पाणी टिकलं, टॅडपोल शेवटपर्यंत गेले का, एवढंच. टोड हातात घ्यायचा नाही, दगड उलटायचा नाही, फोटोतलं लोकेशन बंद ठेवायचं, रिपोर्टमध्येही अचूक अक्षांश-रेखांश छापायचे नाहीत. आणि वन विभागाच्या परवानगीचा अर्ज फेब्रुवारीतच टाक, मे महिन्यात टाकलास तर कागद टेबलावर असतानाच पहिला पाऊस पडून जाईल आणि तुझं एक वर्ष जाईल.